माझ्या शोधनिबंधांचा एकुलता वाचक

तीर्थरूप मावशी,

कागदावर जितकं वाकता येतं तितकं वाकून नमस्कार. (मायन्यात ‘तीर्थरूप’ आणि आत सगळीकडे ‘तू’, हे काही शोभत नाही असं माझी बायको, म्हणजे तुझी सून, म्हणते. पण तुला ‘तुम्ही’ म्हटलं तर आपल्यामागे कोण येऊन उभं राहिलंय ते तू वळून बघशील, म्हणून राहू दे.) तुझा गुडघा कसा आहे? डाव्याचं दुखणं उजव्यात गेलं असं मध्यंतरी कानावर आलं. निदान घरातल्या घरात राहिलं, एवढंच समाधान. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात थेंब घालायला शेजारच्या नर्सबाई येतात ना? त्या थेंब घालत असताना गप्प बस. तू बोलायला लागलीस की मान हलते आणि औषध कानात जातं, आणि कानाला तुझ्या काहीच झालेलं नाही. इकडे सगळं खुशाल. माझी प्रकृती चांगली, तुझ्या सुनेची चांगली, आणि ज्या तिसऱ्या माणसामुळे हे पत्र लांबणार आहे त्याची प्रकृती, मला जेवढं कळलं त्यावरून, माझ्याहून चांगली असावी.

आता मुळापासून सांगतो, कारण मी नोकरीत नेमकं काय करतो हे तुला कधी धड सांगितलेलंच नाही. ‘सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ’ एवढं ऐकून तू सगळ्या गल्लीला मी खत करतो म्हणून सांगितलंस, आणि नर्सबाईंनी त्यांच्या कुंडीतल्या रोपाची पानं पिवळी का पडतात ते मला विचारून घेतलं. (मी उपाय सांगितलाही. रोप गेलं.) मी खत करत नाही. मी काचेच्या भांड्यात दोन पदार्थ एकत्र ढवळतो आणि त्यातून तिसरा होतोय का ते बघत बसतो. बहुतेक वेळा चौथाच काहीतरी होतो, काळा आणि चिकट, आणि भांड्याला असा धरून बसतो की भांड्यासकट टाकून द्यावा लागतो. कधीमधी तिसरा झालाच तर त्यावर शोधनिबंध लिहायचा. तो छापून येतो. मग कुठेतरी दुसरा एखादा रसायनवाला आपल्या निबंधाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहितो की ही गोष्ट अमक्यांनी आधी करून पाहिली होती. याला सायटेशन म्हणतात. म्हणजे ज्या घरी आपण कधी गेलो नाही, तिथे आपलं नाव निघणं. कोणी आठवण काढली की उचकी लागते म्हणतात ना, आमच्या धंद्यात उचकीऐवजी आकडा वाढतो. बढती, खोली, खिडकी, सगळं त्या आकड्यावर. त्याशिवाय एच-इंडेक्स नावाचा आणखी एक आकडा असतो. तो समजावून सांगत नाही, पण माझा एच-इंडेक्स हे जर तापमान असतं तर मी दुलई घेऊनच कामावर गेलो असतो.

हे इतकी वर्षं झाकलेलं होतं. मग आमच्या संस्थेत नव्या संचालकबाई आल्या आणि त्यांनी खाली लिफ्टसमोर एक भला मोठा पडदा लावला. त्यावर संस्थेतल्या सगळ्यांची नावं, सायटेशनच्या क्रमाने, आणि प्रत्येकापुढे आकडा. माझं नाव शेवटी, जिथे पडद्याची चौकट सुरू होते तिथे. माझ्या लगेच वर आमचे एक सहकारी होते, जे वारलेले आहेत. त्यांचं नाव काढलं तर संस्थेची बेरीज कमी होते म्हणून काढलेलं नाही. हयात असताना हा गृहस्थ माझ्याइतकाच मागे होता, पण गेल्यापासून त्याने चांगलाच जोर धरलाय. दर महिन्याला त्याचा आकडा वाढायचा आणि मी खालून बघत राहायचो. माझं म्हणशील तर माझ्या आयुष्यातलं सर्वांत ठळक सायटेशन एका परदेशी माणसाने दिलं होतं. वाक्य होतं, ‘ही क्रिया या पद्धतीने करू नये.’ आणि तळाशी माझं नाव. तेही मोजलं जातं. (मी तेव्हा घरी गोड घेऊन गेलो होतो. कारण सुनेला सांगितलं नाही.)

तर एके दिवशी सकाळी कामावर गेलो आणि दारावरच्या रखवालदाराने उभं राहून अभिनंदन केलं. मी पडद्याकडे पाहिलं. मी मेलेल्या माणसाच्या वर होतो. पुढच्या आठवड्यात आणखी चार जिवंत माणसांच्या वर गेलो. पडदा बिघडला असेल म्हणून मी वर जाऊन नीट तपासलं, तर सगळी सायटेशन खरी होती आणि सगळी एकाच माणसाची होती. या माणसाने माझे सगळे निबंध वाचले होते. मावशी, सगळे. जे मी स्वतः छापून आल्यावर पुन्हा उघडले नाहीत, तेसुद्धा. तो माझा एकेक प्रयोग घेऊन पुन्हा करायचा, तो त्याच्या हातात माझ्याहून चांगला व्हायचा, आणि त्यावर तो एक छोटा, नेटका निबंध लिहायचा, तळाशी माझं नाव घेऊन. त्याचं नाव तुला कळवत नाही, कारण ते मला आठवत नाही. काही लपवत नाही मी. ते नावच असं साधं आणि गुळगुळीत आहे की वाचून झालं की हातातून निसटतं. दर वेळी मी ते कागदावर बघून घेतो. आपण त्यांना वाचकराव म्हणू.

सुरुवातीला मी हवेत होतो, हे कबूल केलं पाहिजे. संचालकबाई लिफ्टमध्ये माझ्याशी बोलायला लागल्या. पॉलिमरवाले, म्हणजे वरच्या मजल्यावरचे प्लास्टिकच्या साखळ्या करणारे माझे सहकारी, मला बघून दुसऱ्या जिन्याने जायला लागले, याहून मोठा मान आमच्याकडे नाही. घरी मी वाचकरावांचे निबंध मोठ्याने वाचून दाखवायचो. तुझी सून चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासून आलेली असते, त्यामुळे डोळे मिटूनच ऐकते. एकदा ऐकता ऐकता तिने विचारलं, “हा माणूस तुझ्यासारखा का लिहितो?”

मी म्हटलं, सगळे रसायनवाले असंच लिहितात.

“नाही,” ती म्हणाली, “‘तथापि’ लिहून मग घाबरून दुसरं वाक्य सुरू करायचं, हे फक्त तू करतोस. हा पण करतो. फक्त हा घाबरत नाही.”

मी विषय बदलला. पण त्यानंतर मी मोठ्याने वाचणं बंद केलं.

मग ते निबंध आले ज्यांच्यामुळे माझी झोप गेली. वाचकरावांकडे माझे छापलेले प्रयोग संपले होते, आणि त्यांनी माझे न छापलेले प्रयोग घ्यायला सुरुवात केली. मावशी, न छापलेले म्हणजे फसलेले. ते मी कुणाला सांगत नाही, लिहूनही ठेवत नाही, काळा चिकट पदार्थ टाकाऊच्या डब्यात ओततो, हात धुतो आणि घरी येतो. असा एक प्रयोग होता, गेल्या हिवाळ्यातला. दिवसभर खपून शेवटी डांबर. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तो प्रयोग वाचकरावांनी छापला होता, माझं नाव घेऊन, आणि खाली टीप दिली होती. ती मला पाठ आहे. ‘मूळ प्रयोगकर्त्यास त्या दिवशी सर्दी असल्याने मिश्रणाच्या वासातील बदल लक्षात आला नसावा. खिडकी उघडी राहिल्याने दमट हवेचाही परिणाम झाला असावा. खिडकी लावून घेतल्यास क्रिया यशस्वी होते.’

मला त्या दिवशी सर्दी होती. खिडकी उघडी होती.

मी खिडकीबाहेर पाहिलं. समोर पाण्याची टाकी आहे आणि तिच्यापलीकडे भिंत. तिथे उभं राहून आत बघायचं तर माणसाला पाण्यात उभं राहावं लागेल. (मी खाली जाऊन टाकीच्या झाकणाला कुलूप आहे का तेही पाहून आलो. आहे. गंजलेलं आहे. हे तुला सांगतोय, दुसऱ्या कुणाला नाही.) मग मी वाचकरावांना पत्र लिहिलं. अत्यंत नम्र पत्र, की आपण माझ्या कामात इतका रस घेता याचा आनंद आहे, पण आपण कोण, आणि हे आपल्याला कसं कळलं. उत्तर आलं नाही. त्यांच्या पुढच्या निबंधात मात्र तळाशी एक ओळ होती: ‘मूळ प्रयोगकर्त्याने केलेल्या पृच्छेबद्दल आभार. प्रयोगाच्या दृष्टीने ती महत्त्वाची नाही.’

इथवर गोष्ट माझ्या आणि त्यांच्यात होती. पण पॉलिमरवाल्यांनी ती संचालकबाईंकडे नेली. आमच्या क्षेत्रात एक जुनी लबाडी चालते. माणूस खोट्या नावाने निबंध लिहितो आणि त्यात स्वतःचं नाव घेत सुटतो. पॉलिमरवाल्यांचं म्हणणं, मी तेच करतोय. संचालकबाईंनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर वाचकरावांचे सगळे निबंध पसरलेले होते आणि सर्दीच्या ओळीखाली लाल रेघ होती.

“हे गृहस्थ तुम्हीच ना?” त्यांनी विचारलं. (नाव त्यांनीही कागदात बघून घेतलं.)

“नाही.”

“मग कोण?”

“मला माहीत नाही.”

“तुमच्या सर्दीबद्दल जगात किती लोकांना माहिती असेल?”

“मला. आणि घरी.”

“आणि तुमच्या पत्नी रसायनशास्त्रात काम करतात?”

“त्या चष्म्याच्या दुकानात असतात.”

बाईंनी पसरलेले निबंध गोळा करून बाजूला ठेवले. त्या वाईट नाहीत, मावशी. त्यांना पडद्यावरचा आकडा कमी करायचं जिवावर आलं होतं. म्हणाल्या, “हा माणूस समितीसमोर आणा. तो आला, तुमच्याशेजारी उभा राहिला, की माझं काही म्हणणं नाही. नाही आणलात तर हा सगळा आकडा मागे घ्यावा लागेल, आणि तुमची प्रयोगशाळा पॉलिमरला द्यावी लागेल. त्यांना जागा कमी पडते.”

ती खोली तू पाहिलेली नाहीस. तिच्यात विशेष काही नाही. एक ओटा, एक खिडकी, धूर ओढून घेणारं एक कपाट जे धूर ओढत नाही. आयुष्याची चांगली वर्षं मी तिथे काळा चिकट पदार्थ करत घालवली. पण कामावर गेल्यावर दार उघडून आत शिरलं की मला बरं वाटतं, आणि असं वाटण्याच्या माझ्या जागा फार नाहीत. म्हणून मी वाचकरावांच्या निबंधावर छापलेला पत्ता घेतला आणि सुट्टीच्या दिवशी सकाळीच निघालो. तुझी सूनही आली. मी नको म्हणत होतो. ती म्हणाली, “इतकं वाचलंय त्याने तुला, मला बघू तरी दे कोण आहे.”

बसने दोन गावं सोडून जावं लागलं. पत्त्यावर एखादी संस्था, पाटी, फाटक असं काही असेल असं मी धरून चाललो होतो. तिथे निघाली दुकानांची एक साधी ओळ, आणि पत्त्याच्या जागी लाँड्री. काउंटरमागे एक जाडजूड, हसरी बाई शर्टांना इस्त्री करत होती आणि सगळी जागा वाफेने भरलेली होती. मी तोंड उघडून विचारणार, एवढ्यात तिने वर पाहिलं आणि म्हणाली, “आज पुन्हा किल्ली विसरलात ना सर?” आणि मागच्या खिळ्यावरची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

मी किल्ली उलटसुलट करून पाहिली. तुझी सून बोलली. “यांना ओळखता तुम्ही?”

“न ओळखायला काय झालं,” लाँड्रीवाली म्हणाली, “वरची खोली यांच्याकडेच आहे. फार शांत माणूस. तुम्ही मिसेस का? तुमच्याबद्दल सांगतात हो नेहमी.” तिच्या बोलण्यात काडीचीही शंका नव्हती. तुझ्या सुनेने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं तिने माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. दुकानात एखादं गिऱ्हाईक सगळी अक्षरं बरोबर वाचतं आणि तरी दिसत नाही म्हणतं, त्याच्याकडे बघावं तसं. मी शपथ घेतली. ती म्हणाली, “शपथ नको, वर चल.” जिना लाँड्रीतूनच वर जातो, दुसरी वाट नाही, आणि सकाळपासून वर कुणी गेलेलं नाही असं लाँड्रीवालीने आपणहून सांगितलं.

मी कुलूप उघडलं. आत माझी प्रयोगशाळा होती. तशीच होती असं म्हणत नाही, कारण ती स्वच्छ होती. पण ओटा त्याच बाजूला, बाटल्या त्याच क्रमाने, दाराला डगला, आणि डगल्याच्या उजव्या खिशाला मी पेन ठेवून ठेवून पाडतो तसलंच भोक, फक्त ते शिवून घेतलेलं. ओट्यावर प्रयोग चालू होता. बर्फाच्या भांड्यात फ्लास्क बसवलेला, आत ढवळणं चाललेलं, वरच्या नळीतून थेंब थेंब पडत होता. मी बर्फाला हात लावला. खडे अजून टोकदार होते, नुकतेच फोडून टाकलेले. खोलीत माणूस लपेल अशी जागा नव्हती. मी कपाट उघडून पाहिलं, आणि उघडताना मला लाजही वाटली आणि घामही फुटला. आत फक्त काचेची भांडी, धुतलेली.

तुझ्या सुनेला ओट्यावर एक चष्मा सापडला. ती तिच्या धंद्याला जागली. तिने तो डोळ्यासमोर धरून खिडकीच्या चौकटीकडे पाहिलं, काच थोडी इकडे तिकडे हलवली, चौकट कशी सरकते ते बघितलं. मग दुसरी काच.

“माझा नंबर आहे का?” मी विचारलं.

“तुझाच,” ती म्हणाली, “पण आत्ताचा नाही. अजून एक-दोन वर्षांनी तुला जो लागेल, तो.”

मी चष्मा लावून पाहिला. बाटल्यांवरची बारीक अक्षरं, जी मी हल्ली हात लांब करून वाचतो, ती जागच्या जागी आली. मी तो चटकन काढून ठेवला.

आम्ही वाट बघायचं ठरवलं. ती स्टुलावर बसली, मी उभा राहिलो. खालून इस्त्रीची वाफ येत होती आणि जिन्यावर कुणाचंच पाऊल वाजत नव्हतं. आणि मग फ्लास्कमधला रंग बदलायला लागला. पिवळा होता, त्यावर तपकिरी झाक आली. मावशी, तो रंग मी ओळखतो. तो माझ्या हिवाळ्यातल्या प्रयोगाचा रंग होता. यानंतर काळा येतो आणि मग भांडं टाकायचं. दुसऱ्याच्या प्रयोगाला हात लावायचा नाही हे आमच्याकडे पहिल्या वर्षी शिकवतात. पण दुसऱ्याचा प्रयोग डोळ्यादेखत जळताना बघत उभं राहायचं हे कुणीच शिकवत नाही. मी डगला घातला. (बाह्यांना बेतून घेतल्यासारखा बसला. मनाला बरं वाटलं नाही.) थेंब सावकाश केले. बर्फ वाढवला. खिडकी सताड उघडी होती, खालची वाफ सगळी आत येत होती. मी म्हटलं, “ती खिडकी लाव.” तिने उठून लावली.

दुपार सगळी त्यात गेली. मी इतका वेळ काही न सांडता, काही न विसरता काम केल्याचं मला आठवत नाही. मधे एकदा खोलीत वास आला, नव्या पेन्सिलीला टोक काढल्यावर येतो तसा, आणि माझ्या लक्षात आलं की सर्दीत मला हा वास आला नव्हता, आणि हाच थांबायचा क्षण आहे. मी थांबलो. गाळलं. आणि काचेच्या बशीत पांढरे, सुईसारखे स्फटिक पडले. माझ्या हातून पडलेले पहिले स्वच्छ स्फटिक. तुझी सून वाकून बघत होती. ती म्हणाली, “हे तू केलंस.” पण ते तिने विचारलं की सांगितलं, ते मला त्या वेळी कळलं नाही आणि नंतर विचारायचा धीर झाला नाही. बशी तिथेच ठेवून आम्ही निघालो. खाली लाँड्रीवालीला किल्ली परत दिली. ती म्हणाली, “आज लवकर आटोपलं सर.”

बसमध्ये बसल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला, तोही नको तसा. माणूस आणा म्हणाल्या होत्या बाई. माझ्याकडे साक्षीदार होती, खोली होती, डगला होता, आणि यातली एकेक गोष्ट समितीसमोर ठेवली असती तर वाचकराव म्हणजे मीच हे पूर्ण सिद्ध झालं असतं. पॉलिमरवाल्यांनासुद्धा माझ्याविरुद्ध इतका भक्कम पुरावा जमवता आला नसता. मी तो सुट्टी घालवून, बसचे धक्के खाऊन, स्वतः जमवला होता. मी गप्प बसलो. खोलीतलं सामान हळूहळू खोक्यांत भरायला लागलो. पॉलिमरवाले मोजपट्टी घेऊन येऊन माप घेऊन गेले आणि जाताना दार ओढून घ्यायलाही विसरले.

समिती बसायच्या आदल्या दिवशी वाचकरावांचा नवा निबंध छापून आला. प्रयोग तोच, हिवाळ्यातला, नव्याने आणखी शुद्ध करून. आमच्या निबंधांत शेवटी आभाराचा एक परिच्छेद असतो. त्यात लिहिलं होतं: ‘प्रस्तुत लेखकाच्या अनुपस्थितीत ऐन वेळी येऊन प्रयोग हाती घेतल्याबद्दल मूळ प्रयोगकर्त्याचे, आणि खिडकी लावून घेतल्याबद्दल त्यांच्या पत्नीचे आभार.’ संचालकबाईंनी ते समितीत मोठ्याने वाचून दाखवलं. एकाने अनुपस्थित राहायचं आणि दुसऱ्याने यायचं, म्हणजे माणसं दोन झाली, असा त्यांनी निर्णय दिला. पॉलिमरवाले म्हणाले की हेही मीच लिहिलं असेल. बाई म्हणाल्या, “तुम्ही यांची वाक्यं वाचली आहेत का? यांना असं सरळ लिहिता येत नाही.” माझी खोली वाचली. माझ्या गद्याबद्दल इतकं वाईट बोललं गेलं आणि मला इतका आनंद झाला, असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

नंतर मी एकटाच पुन्हा तिकडे गेलो, आभार मानायला म्हण. लाँड्रीवालीने मला बघून तोंडात बोट घातलं. “काही राहिलं का सर? तुम्हीच तर सगळं हलवलंत.” मी काय म्हणालो होतो, असं मी तिला विचारलं. तिला ते विचित्र वाटलं असणार, पण गिऱ्हाईकांच्या विचित्रपणाची तिला सवय आहे. ती म्हणाली, “म्हणालात की इथलं काम झालं. कामापायी घरच्यांकडे बघायचं राहून गेलं, आता एकेकाला भेटून यायचंय.”

तेव्हापासून वाचकरावांचा एकही निबंध आलेला नाही. पडद्यावर माझा आकडा जिथल्या तिथे आहे. हिवाळ्यातला प्रयोग मी माझ्या खोलीत, खिडकी लावून, पुन्हा केला, डांबर झालं. मला वाटलं होतं सुटलो म्हणून हायसं वाटेल. पण कामावरून निघताना हात धुतो आणि मनात येतं, आज मी काय बिघडवलं ते आता कुणीच बघणार नाही.

असो. फार लिहिलं. डोळ्याला ताण देऊन एका बैठकीत वाचू नकोस, नर्सबाईंकडून वाचून घे; फक्त कुंडीचा भाग त्यांना गाळायला सांग. गुडघ्याला शेक चालू ठेव. दोघांचा नमस्कार.

तुझा,
खत न करणारा भाचा

ता. क. नव्या चष्म्याचा नंबर तिकडे काढू नकोस. तुझी सून येऊन काढेल म्हणते. ती पुढच्या महिन्यात येईल, एकटी. दारात कोण आलंय ते आधी बघत जा आणि मग कडी काढ, हे तिने मुद्दाम लिहायला सांगितलंय.

आणखी एक. तुझं पत्र परवा आलं. खरं म्हणजे त्याला उत्तर द्यायलाच बसलो होतो, आणि सायटेशनचं सांगत सुटलो. तू लिहिलंयस की मी अचानक आलो, खूप बरं वाटलं. कपाटाचं लागत नव्हतं ते दार मी बसवून दिलं. तुझ्या पायाशी बसून गुडघ्याला तेल लावलं, तू बोलत होतीस तेव्हा एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. आणि मी आपणहून आईचा विषय काढला. ती गेली तेव्हा मी लहान होतो, ती शेवटी काय म्हणाली ते मी विचारलं, आणि तू सगळं सांगितलंस, दोघंही रडलो, आणि इतक्या वर्षांनी तुझ्या छातीवरचं ओझं उतरलं. ‘तू इतका मोकळा कधी झालास रे,’ असं तू लिहिलंयस.

मावशी, मी आलो नव्हतो. तुला घाबरवायचं नाही. तो वाईट नाही, त्याने कुणाचं काही बिघडवलेलं नाही, उलटच. तो परत आला तर आत घे, चहा दे. माझं मागणं एवढंच आहे की आई शेवटी काय म्हणाली ते मला पत्राने कळव. थोडक्यात लिहिलंस तरी चालेल. मी समोर येऊन विचारलं असतं, पण मी येईन तेव्हा तुला वाटेल की हे सगळं तर माझ्याशी बोलून झालंय.